अंधाराचे भांडवल



दिवाळीनंतरच्या या पहिल्या लेखांकात मुदत ठेवींच्या नूतनीकरणाविषयी लिहिण्याचा विचार होता. परंतु इचलकरंजीच्या एका कापड व्यापारी वाचकांचे पत्र आले आणि तो विषय पुढील महिन्यावर ढकलावा लागला. त्यांचा मुलगा बारावीत आहे. आकाशगंगेचे एक छायाचित्र त्याने कोठेतरी पाहिले आणि तेव्हापासून त्याला कॅमेऱ्याचा ध्यास लागला आहे. कॅमेरा, लेन्स व इतर साहित्य मिळून मागणी सुमारे दीड लाख रुपयांची आहे. नकार दिल्यापासून तो घरात कोणाशी धड बोलत नाही, दुकानात पाऊल टाकीत नाही. वडिलांनी शेवटी विचारले आहे, "साहेब, हा खर्च समजावा की गुंतवणूक? आणि मुलाचे मन न मोडता याचे उत्तर कसे द्यावे?"

निवृत्तीनंतर मी पिंगुळीत राहावयास आलो आणि येथील रात्रींनी मलाही या छंदाची गोडी लावली. म्हणून या प्रश्नाला बँकेतला आणि अंगणातला असे दोन्ही अनुभव एकत्र करून उत्तर देण्याचे धाडस करीत आहे.

आमच्या बँकेत एखादा नवा व्यापारी मोठ्या कर्जमर्यादेची मागणी घेऊन आला, की आम्ही तारण मालमत्तेचे कागद पाहत असू. परंतु त्याआधी त्याच्या चालू खात्याची उलाढाल पाहत असू. थोड्या पैशांत तो नियमाने व्यवहार करतो काय, हे कळले की पुढचे सोपे होते. या मुलाच्या बाबतीतही माझी शिफारस तीच आहे. दीड लाखांवर आज निर्णय करू नये. त्याला दीड-दोन हजार रुपयांचा एक भक्कम ट्रायपॉड घेऊन द्यावा, घरातील बऱ्यापैकी मोबाइल त्याच्या हाती द्यावा आणि कार्तिक, मार्गशीर्ष व पौष अशा तीन अमावास्यांची मुदत द्यावी. या मुदतीत काय करावयाचे, ते पुढे क्रमाने सांगतो.

प्रथम भांडवलाचा विचार करू. या उद्योगात कॅमेरा म्हणजे दुकानातील कपाट आणि काउंटर. खरे भांडवल आहे अंधार. इचलकरंजीसारख्या गावात रात्रभर माग चालतात, दिवे जळतात आणि तो उजेड हवेतील धुळीवर पसरून आकाश राखाडी करतो. अशा आकाशाखाली दीड लाखांचा कॅमेराही फिका कागदच हाती देईल. उलट चांगल्या अंधारात साध्या मोबाइलनेही शेकडो तारे टिपता येतात.

अंधार शोधण्यासाठी पहिले साधन आपल्या प्रत्येकाच्या घरी भिंतीवर आहे, ते म्हणजे पंचांग. अष्टमी-चतुर्दशी पाळणाऱ्या घरांना तिथी शिकवावयास नको. कृष्ण अष्टमीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो. तेव्हापासून अमावास्येपर्यंत संध्याकाळचे आकाश मोकळे असते. अमावास्येनंतरही शुक्ल चतुर्थीपर्यंत चंद्रकोर लवकर मावळते. महिन्यातील हे बारा दिवस आपले. पौर्णिमेच्या आसपासचे दिवस चंद्राचे. आपल्या बहुतेक घरांत सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपते. म्हणजे बाहेर पडण्यासाठी संध्याकाळही मोकळीच मिळते.

दुसरे साधन म्हणजे जागा. फोंडा घाट किंवा गगनबावडा उतरून कोकणात आले, की जांभ्या दगडाचे विस्तीर्ण उघडे माळ लागतात. त्यांना आम्ही सडा म्हणतो. चहूबाजूंनी क्षितिज मोकळे, झाडांचा अडथळा नाही. मात्र जमीनमालकाला विचारल्याशिवाय जाऊ नये, एकट्याने जाऊ नये आणि पायात बूट असल्याशिवाय गवतात शिरू नये. सापविंचवांची वस्ती तेथे आपल्याआधीची आहे. पिंगुळी कुडाळला लागून असल्यामुळे शहराचा व महामार्गाचा उजेड येथेही जाणवतो. तरी घरामागच्या शेतात गेले आणि त्या दिव्यांकडे पाठ केली, की मृग नक्षत्र ठळक दिसते.

आता प्रत्यक्ष कृती. सर्व तयारी दिवसा करावी. ट्रायपॉडची कळ कोठे, मोबाइलच्या कॅमेऱ्यातील 'प्रो' किंवा 'मॅन्युअल' विभाग कोठे, फ्लॅश कसा बंद करावयाचा, हे हात अंधारात आपोआप करतील इतका सराव घरातल्या खोलीत दिवे मालवून करावा. बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटीन कागद बांधावा. डोळ्यांना अंधार सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात आणि पांढऱ्या उजेडाची एक तिरीप ती सारी कमाई क्षणात घालवते. लाल उजेडाने नुकसान कमी होते.

या सरावाचे महत्त्व सांगणारा एक थोर दाखला आमच्याच जिल्ह्यात, देवगड तालुक्यातील विजयदुर्गावर आहे. तेथील चौथऱ्यांना लोक 'साहेबाचे कट्टे' म्हणतात आणि हेलियम वायूच्या शोधाशी त्यांचे नाते जोडतात. नॉर्मन लॉक्यर यांनी १८६८ साली सूर्यप्रकाशातील ती अनोळखी पिवळी रेषा पाहिली, तेव्हा ते इंग्लंडात होते. परंतु २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी ते खरोखरच विजयदुर्गाला आले होते. प्रिझम बसवलेले कॅमेरे त्यांनी येथे मांडले आणि 'मेल्पोमिनी' या युद्धनौकेवरील खलाशांना मदतीस घेतले. सूर्य पूर्ण झाकलेला राहणार होता जेमतेम दोन मिनिटे. त्या दोन मिनिटांसाठी खलाशांकडून पुन्हा पुन्हा तालीम करून घेण्यात आली: कोणी वेळ मोजायची, कोणी काचेची प्लेट बदलायची, कोणी कॅमेऱ्याचे तोंड उघडायचे. भर दिवसा पडलेल्या त्या क्षणभराच्या रात्रीचे छायाचित्रण असे तालमीवर उभे राहिले. आपल्यापाशी तर सगळी रात्र असते.

आता मोबाइलमध्ये काय मांडावयाचे ते पाहू. आयएसओ, म्हणजे प्रकाशाविषयीची संवेदनशीलता, १६०० च्या आसपास ठेवावी. फोकस हाताने अनंतावर न्यावा आणि पडद्यावर एखादा ठळक तारा मोठा करून तो टिंबासारखा दिसतो काय याची खात्री करावी. व्याधाचा तारा यासाठी उत्तम. बटण दाबताना मोबाइल हलतो, म्हणून दोन किंवा पाच सेकंदांचा टायमर लावावा. मोबाइलमध्ये 'रॉ' स्वरूपात चित्र साठवण्याची सोय असल्यास ती वापरावी, कारण त्यात मूळ नोंद पुसली जात नाही.

शटर किती वेळ उघडे ठेवावे, हा कळीचा प्रश्न आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, म्हणून आकाश तासाला पंधरा अंश सरकताना दिसते. चंद्राच्या बिंबाची रुंदी अर्धा अंश. तेवढे अंतर तारा दोनच मिनिटांत कापतो. शटर फार वेळ उघडे राहिले, की टिंबाची रेघ होते. यासाठी छायाचित्रकार एक सोपा हिशेब वापरतात: ५०० ला लेन्सच्या नाभीय अंतराने भागावे, येणारे उत्तर म्हणजे सेकंदांची कमाल मर्यादा. मोबाइलच्या मुख्य लेन्सचे तुल्य अंतर साधारण २५ मिलिमीटर असते. म्हणजे २० सेकंद. हा ठोकताळा थोडा उदार आहे, म्हणून १० ते १५ सेकंदांवर थांबावे. ५० मिलिमीटरच्या लेन्सला हीच मर्यादा १० सेकंदांवर येते. लेन्स जितकी दूरचे जवळ आणणारी, तितकी उसंत कमी.

पहिले लक्ष्य मृग नक्षत्र असावे. कार्तिक अमावास्येला रात्री साडेनऊच्या सुमारास ते पूर्वेला वर आलेले असते. पिंगुळीत सह्याद्रीच्या रांगेमुळे त्यास थोडा उशीर होतो. मधले तीन तारे ओळखावयास लहान मूलही चुकत नाही. डोळ्यांना सगळे तारे पांढरेच वाटतात, परंतु छायाचित्रात काक्षीचा तारा नारिंगी आणि राजन्य निळसर उतरतो. पहिल्याच चित्रात हे रंग दिसले, की मुलाच्या चेहऱ्यावर जे उमटेल ते वडिलांनी शेजारी उभे राहून पाहावे. तीन ताऱ्यांच्या खाली जो अस्पष्ट धुरकट ठिपका येईल, तो मृगातील तेजोमेघ. सुमारे साडेतेराशे प्रकाशवर्षे दूर असलेल्या त्या मेघात नवे तारे जन्म घेत आहेत.

या ठिपक्याची किंमत कळावी म्हणून थोडा इतिहास. सूर्य सोडून एखाद्या ताऱ्याचे पहिले छायाचित्र १७ जुलै १८५० रोजी अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत घेतले गेले. तो तारा होता आपला अभिजित आणि मोठ्या दुर्बिणीतूनही त्यासाठी शंभर सेकंद लागले. मृगातील तेजोमेघ हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी प्रथम टिपला; त्यासाठी त्यांनी ५१ मिनिटे प्रकाश साठवला. खिशातल्या मोबाइलला त्याची पुसटशी खूण आज पंधरा सेकंदांत मिळते. मुलाला हे सांगावे. हातात असलेल्या साधनाचे मोल त्यास कळेल.

पहिले चित्र रवाळ दिसेल. अंधारावर बारीक रंगीत कण पसरलेले असतील. छायाचित्रकार त्याला नॉइज म्हणतात. येथे वाणिज्य शाखेचे शिक्षण माझ्या उपयोगी पडले. एका दिवसाच्या विक्रीवरून दुकानाची स्थिती कळत नाही; महिन्याची सरासरी काढली, की चढउतार परस्परांना फेडतात आणि खरा आकडा उरतो. आकाशाचेही तसेच. तारा प्रत्येक चित्रात असतो, रवाळ कण मात्र दर वेळी वेगळे पडतात. एकाच जागेची सोळा चित्रे घेऊन संगणकात एकावर एक रचली, की रवाळपणा एक चतुर्थांश होतो. चौसष्ट घेतली तर एक अष्टमांश. म्हणजे लाभ दुप्पट करण्यास श्रम चौपट. अर्थशास्त्रातील घटत्या फलाचा नियम येथेही चुकत नाही. नवशिक्याने वीस-पंचवीस चित्रांवर समाधान मानावे. ही रचना करणारी डीपस्कायस्टॅकर व सिक्वेटर ही संगणकप्रणाली विनामूल्य मिळते. कोणत्या वेळी कोणता तारा कोठे असेल हे दाखवणारी स्टेलॅरियमही तशीच. यात कोठेही पैसे मागितले जात नाहीत, हे वडिलांनी ध्यानी घ्यावे.

मार्गशीर्षात ध्रुवताऱ्याकडे वळावे. पिंगुळी साधारण सोळाव्या अक्षांशावर आहे, म्हणून ध्रुव क्षितिजापासून सोळा अंशच वर दिसतो. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे दहा अंश झाकते. म्हणजे ध्रुव दीड मूठ उंच. त्या दिशेला कॅमेरा रोखून तासभर एकापाठोपाठ एक चित्रे घ्यावी आणि जोडावी. ध्रुव जवळपास जागेवरच राहतो आणि बाकीचे तारे त्याच्याभोवती चापाकार रेघा काढतात. पृथ्वी फिरते हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. येथे ती स्वतःच्या हाताने त्याचा पुरावा लिहून देते. पौषात दक्षिणेकडे अगस्त्य शोधावा. तो येथून मध्यावर आला तरी दोन मुठींच्या वर फारसा जात नाही, परंतु उत्तर भारतातील लोकांना दिसतो त्यापेक्षा बराच उंच दिसतो. कोकणाच्या थंडीत दव फार; काचेवर धुके धरते. म्हणून साहित्य पिशवीतून काढून थोडा वेळ बाहेरच्या हवेत ठेवावे आणि दर दहा मिनिटांनी काच तपासावी.

आता मुलाच्या मूळ इच्छेविषयी, म्हणजे आकाशगंगेविषयी. तिचा तेजस्वी मध्यभाग वृश्चिक व धनू राशींच्या बाजूस आहे आणि हिवाळ्याच्या संध्याकाळी तो आकाशात नसतोच. फाल्गुन-चैत्रात तो मध्यरात्रीनंतर उगवतो आणि वैशाखात रात्री अकराच्या सुमारास आग्नेयेला दिसू लागतो. त्यानंतर पाऊस येतो आणि चार महिने दुकान बंद. म्हणजे आज दीड लाख खर्च केले, तरी ते चित्र चैत्रापूर्वी काही मनाजोगे मिळणार नाही. ही गोष्ट मुलाला नकार म्हणून सांगू नये; वेळापत्रक म्हणून सांगावी. बारावीची परीक्षाही तोवर आटोपलेली असेल.

एक सावधगिरीचा शब्द. समाजमाध्यमांवर दिसणाऱ्या कित्येक चित्रांत एका जागेचे मंदिर आणि दुसऱ्या जागेची आकाशगंगा जोडलेली असते. कलेत त्याला मज्जाव नाही, पण तसे सांगितले पाहिजे. म्हणून मुलाला एक वही घालून द्यावी: तारीख, तिथी, जागा, वेळ, आयएसओ, सेकंद, किती चित्रे जोडली, काय फसले. चित्राखाली त्यातील नोंद जशीच्या तशी द्यावी. खरी वही ठेवण्याची सवय व्यापाऱ्याच्या मुलाला कोठेही लागली तरी ती शेवटी घरच्या पेढीवरच येते.

भांडवलाचा प्रश्न येथे संपत नाही, कारण अंधार हे भांडवल कोणा एकाचे नाही आणि ते झपाट्याने खर्ची पडत आहे. पिंगुळीच्या ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि छायाबाहुल्या या कला पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. त्याबद्दल येथील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. छायाबाहुल्यांचा खेळ पांढऱ्या पडद्यामागे दिवा ठेवून होतो. भोवती काळोख असला तरच पडद्यावर रामायण उभे राहते. मैदानात मोठा दिवा लावा, की पडदा उरतो आणि कथा निघून जाते. आकाशाचेही आपण तेच करीत आहोत.

मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर गेले, की पश्चिमेच्या क्षितिजावर कधी कधी पहाट झाल्यासारखा उजेड दिसतो. प्रखर एलईडी दिव्यांनी होणाऱ्या मासेमारीचा तो उजेड. केंद्र सरकारने २०१७ साली या पद्धतीवर बंदी घातली. तरीही ती चालते म्हणून पारंपरिक मच्छीमार वारंवार आंदोलन करीत आले आहेत. वेंगुर्ल्याजवळ वायंगणीच्या वाळूत समुद्री कासवे अंडी घालतात. पिले बाहेर पडतात ती उजळ क्षितिजाच्या दिशेने, कारण निसर्गात रात्री समुद्रच जमिनीपेक्षा उजळ असतो. किनाऱ्यावर दिवा असला, तर ती समुद्राऐवजी दिव्याकडे चालू लागतात. आपल्या अंगणातील दिव्याभोवती रोज किती पतंग प्राण सोडतात, ते पाहण्यास तर कोठे जावयासही नको.

यावर उपाय अवघड नाही. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात पथदिव्यांची तोंडे जमिनीकडे वळवण्यात आली आणि २०२४ च्या आरंभी पेंच हे देशातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून जाहीर झाले. डार्कस्काय इंटरनॅशनल या संस्थेने ती मान्यता दिली. आपण आपल्या गोदामाचा, दुकानाच्या पाटीचा, बंगल्याच्या गच्चीचा दिवा झाकून खाली वळवू शकतो आणि गरज नसता मालवू शकतो. वीजबिलात बचत होते हे बँकवाल्याने वेगळे सांगावयास नको.

ज्यांना गच्चीवरून एकट्याने सुरुवात करण्याचा संकोच वाटतो, त्यांच्यासाठी महाराष्ट्रात मार्गदर्शकही आहेत. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी मंडळींना आकाशाची ओळख करून देत आहे. मुंबईचे खगोल मंडळ वांगणी येथे रात्रभराचे आकाशदर्शन घडवते. अशा कार्यक्रमात मुलाला एकदा जरूर पाठवावे; अनुभवी माणसाच्या कॅमेऱ्यातून पाहिले, की स्वतःला नेमके काय हवे हे कळते आणि खरेदीतील निम्मा मोह गळून पडतो.

आता इचलकरंजीच्या वाचकांना त्यांच्या प्रश्नाचे उत्तर. तीन अमावास्या संपल्यावर मुलाची वही मागून घ्या. तीत तीन रात्रींच्या नोंदी असतील, चित्रे पहिल्यापेक्षा तिसऱ्या वेळी सुधारली असतील आणि मोबाइलची मर्यादा नेमकी कोठे आड आली हे तो स्वतःच्या शब्दांत सांगू शकत असेल, तर चांगल्या स्थितीतील वापरलेला कॅमेरा व रुंद दृष्टीची एक लेन्स त्यास घेऊन द्या. ती रक्कम दीड लाखांच्या बरीच आत बसेल. माझ्या हिशेबी ती गुंतवणूक ठरेल. वही कोरी राहिली, तर ट्रायपॉडचे दीड-दोन हजार तेवढे खर्ची पडतील आणि वाद न होता प्रश्न मिटेल. मात्र एक अट तुमच्यासाठीही आहे. तिन्ही रात्री त्याच्याबरोबर तुम्ही स्वतः जा. तुम्हाला कॅमेऱ्यातले काही येत नाही, हे उत्तमच. लाल कागद लावलेली बॅटरी धरा, वेळ मोजा, वहीत त्याने सांगितलेले लिहून घ्या. पंधरा सेकंद शटर उघडे असताना कोणी बोलत नाही, पण दोन चित्रांच्या मधल्या वेळात बरेच बोलता येते.

कार्तिक अमावास्या जवळ आली आहे. पंचांगात तारीख पाहून ठेवावी आणि त्या संध्याकाळी दुकान थोडे लवकर वाढवावे.